गेमिंग कन्सोल घेताय? आधी टीव्ही कुणाच्या ताब्यात असतो ते पाहा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आणि दिवाळीचा बोनस जवळ आला की एक प्रश्न हमखास येतो : ‘प्लेस्टेशन घेऊ, एक्सबॉक्स घेऊ की स्विच?’ आणि त्याला जोडूनच दुसरा : ‘यातला सगळ्यात पॉवरफुल कुठला?’ विचारणाऱ्यांनी टेराफ्लॉप्सचे आकडे पाठ केलेले असतात, ४के आणि १२० हर्ट्‌झ यांच्या तुलना वाचून झालेल्या असतात. घरात टीव्ही किती आहेत, रात्री आठ ते साडेदहा त्याचा रिमोट कुणाच्या हातात असतो आणि आपल्याला सलग मोकळा वेळ किती मिळतो, याचा हिशेब मात्र फारसा कुणी मांडलेला नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे : कन्सोलची ताकद किती हे नंतर बघा, तो आठवड्यातून किती वेळा हातात येणार हे आधी बघा. पन्नास हजारांचं यंत्र महिन्यातून दोनदा सुरू होत असेल, तर त्याची गत दिवाणखान्यातल्या व्यायामाच्या सायकलसारखी होते. सायकलवर निदान टॉवेल तरी वाळत घालता येतो.

ताकदवान यंत्र जिंकतंच असं नाही

१९८९ साली निन्टेन्डोचा गेमबॉय आला तेव्हा त्याचा पडदा हिरवट, एकरंगी होता. पडद्याला मागून उजेडही नव्हता. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला आणि पुढच्या वर्षी जपानात सेगाचा गेम गिअर. दोघांचे पडदे रंगीत आणि उजेडाचे, कागदावर दोघेही गेमबॉयपेक्षा कितीतरी सरस. पण त्यांना सहा-सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते चार-पाच तासांत मान टाकायचे. गेमबॉय चार सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा. किंमतही बघा : अमेरिकेत लिंक्स १८० डॉलरच्या आसपास, गेमबॉय ९० डॉलरला. पुढे गेमबॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांवर खपले. गेम गिअर एक कोटीच्या थोडा पुढे जाऊन थांबला. गेमबॉय घडवणारे गुनपेई योकोई यांचं धोरणच असं होतं की जुनं, स्वस्त झालेलं, खात्रीचं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर नव्वदच्या दशकातला ‘ब्रिक गेम’ आठवा. काळे चौकोन आणि टुक टुक आवाज, बस्स. तरी तो दप्तरातून शाळेत जायचा, सुट्टीत मामाच्या गावी जायचा आणि एसटीत शेजारच्या अनोळखी काकांच्याही हातात जायचा. त्याच्या ग्राफिक्सबद्दल कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

हीच गोष्ट नंतरही घडत राहिली. २००४ च्या अखेरीस निन्टेन्डो डीएस आणि सोनीचा पीएसपी पाठोपाठ आले. ताकदीत पीएसपी पुढे, खपात डीएस जवळजवळ दुप्पट : १५ कोटी ४० लाख. मार्च २०१७ मध्ये आलेला निन्टेन्डोचा स्विच त्या वेळच्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनपेक्षाही अशक्त होता, तरी त्याचा खप १५ कोटींच्या पुढे गेला. मोठ्या कन्सोलमध्येही आकडेवारीत एक्सबॉक्स सिरीज एक्स १२ टेराफ्लॉप्सचा आणि प्लेस्टेशन ५ सव्वादहाचा. जास्त विकला गेला तो प्लेस्टेशनच.

अर्थात नुसतं पिशवीत मावलं म्हणजे झालं, असंही नाही. २०११ चा प्लेस्टेशन व्हिटा सुटसुटीत होता आणि त्या काळाच्या मानाने ताकदवानही होता. पण त्याला सोनीचंच वेगळं आणि महाग मेमरी कार्ड लागायचं, त्यावरचे मोठे खेळही हळूहळू आटले आणि लोक पांगले. सोय म्हणताना आकार, किंमत, चार्जिंग, मेमरी कार्ड आणि खेळांची उपलब्धता हे सगळं त्यात धरायचं.

कमी ताकदीवर हातातल्या कन्सोलचं भागतं कसं, याचं कारणही समजून घ्या, म्हणजे दुकानदाराच्या आकड्यांनी गोंधळणार नाही. ४के टीव्हीवर प्रत्येक चित्रासाठी सुमारे ८३ लाख ठिपके रंगवावे लागतात. मूळ स्विचच्या ७२०पी पडद्यावर ते ९ लाख २२ हजारांच्या आसपास, म्हणजे नवव्या हिश्श्याचं काम. पडदा सव्वासहा इंचांचा आणि डोळ्यांपासून हातभर अंतरावर असल्यामुळे ठिपके कमी असल्याचं फारसं जाणवत नाही. २०१९ मध्ये ‘द विचर ३’ हा अवाढव्य खेळ स्विचवर आला तेव्हा त्याचं चित्र बरंच धूसर करावं लागलं होतं. तरीही प्रवासात, अंथरुणात पडल्या पडल्या तो खेळता येतो म्हणून लोकांनी तो पुन्हा विकत घेतला.

खरेदीआधी स्वतःला विचारा

कागद घ्या आणि उत्तरं खरोखर लिहून काढा. ‘मुलगा सुट्टीत खेळेल’ हे उत्तर नाही. ‘मंगळवारी संध्याकाळी क्लासहून आल्यावर अर्धा तास’ हे उत्तर आहे.

- टीव्ही कुणाचा? घरात एकच टीव्ही असेल आणि संध्याकाळच्या मालिका, मग बातम्या, आयपीएलच्या दिवसांत तर सगळंच, असा क्रम ठरलेला असेल तर टीव्हीला जोडायच्या कन्सोलला रात्री अकरानंतरचीच वेळ मिळेल.
- सलग वेळ किती? दोन-तीन तासांची बैठक मिळणाऱ्यांची गरज वेगळी आणि वीस-वीस मिनिटांचे तुकडे मिळणाऱ्यांची वेगळी. हातातला कन्सोल बटण दाबलं की आहे तिथेच झोपतो आणि पुन्हा दाबलं की तिथूनच उठतो. कुरिअरवाला आला, साहेबांचा फोन आला, बाळ रडलं, तरी खेळ वाया जात नाही. मोठ्या कन्सोलमध्येही अशी सोय असते, पण टीव्ही, त्याचं इनपुट, कंट्रोलर, सोफा ही सगळी जमवाजमव पुन्हा करावी लागते.
- कुठे? वसतिगृह, पीजी, दर दोन वर्षांनी बदलणारं भाड्याचं घर, दर महिन्याचा गावचा प्रवास. लोकलमध्ये, निदान गर्दीच्या वेळी, खेळता येईल या भ्रमात राहू नका. डोंबिवलीला चढल्यावर हात वर करायला मिळाला तरी पुष्कळ.
- कोणते खेळ? मारिओ, झेल्डा, पोकेमॉनचे मुख्य खेळ निन्टेन्डोच्याच यंत्रावर मिळतात. मुलाला नेमके तेच हवे असतील तर बाकी तुलना तिथेच संपते.
- कुणाबरोबर? मित्र ज्या यंत्रावर खेळतात ते बघा. एकट्याने खेळायचा ताकदवान कन्सोल आणि चौघांनी मिळून खेळायचा साधा कन्सोल यांत मुलं दुसरा निवडतात.

समोरचे पर्याय

टीव्हीला जोडायचे कन्सोल. प्लेस्टेशन ५ ची पहिली आवृत्ती साडेचार किलोंची आणि ३९ सेंटिमीटर उंचीची होती. टीव्हीच्या कपाटात अनेक घरांत ती मावलीच नाही. पुढची आवृत्ती लहान झाली, तरी तिला आजूबाजूला हवा खेळायला जागा लागतेच. मोठा खेळ सुरू असताना हे यंत्र २०० वॅटच्या आसपास वीज ओढतं. जिथे वीज दिवसातून दोनदा जाते तिथे कन्सोल इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का आणि इन्व्हर्टर टीव्हीसकट तो भार पेलतो का, हे इलेक्ट्रिशियनला आधी विचारा. खेळ साठवला जात असताना वीज गेली तर नोंद बिघडू शकते.

एक्सबॉक्स सिरीज एस हा याच गटातला, पण दोन किलोंच्या आतला. वसतिगृहातल्या मुलाकडे मॉनिटर असेल तर पाठीवरच्या पिशवीत टाकून न्यायला हा बरा. त्याला डिस्कचा खण नाही, हे लक्षात ठेवा : मित्राची डिस्क उसनी घेणं नाही, जुन्या डिस्क स्वस्तात घेणं नाही.

‘सगळ्यात पॉवरफुल’ हवा असणाऱ्यांसाठी एक गंमत. प्लेस्टेशन ५ प्रो २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जगात आला तेव्हा सोनीने भारत वगळला. त्याच्या वाय-फायला लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याला आपल्याकडे तेव्हा परवानगी नव्हती.

स्विच आणि त्याचे भाऊबंद. मूळ स्विच दोन्ही कंट्रोलरसह जेमतेम ४०० ग्रॅमचा. घरी टीव्हीला जोडा, बाहेर जाताना उचलून न्या. दोन्ही बाजूंचे कंट्रोलर सुटे होतात, त्यामुळे दोघांना खेळायला लगेच दुसरा कंट्रोलर विकत घ्यावा लागत नाही. २०१९ नंतरच्या सुधारित आवृत्तीची बॅटरी खेळानुसार साडेचार ते नऊ तास चालते. त्याआधीची अडीच ते साडेसहा. स्विच लाइट स्वस्त आणि २७५ ग्रॅमचा आहे, पण तो टीव्हीला जोडता येत नाही. हे समजून न घेता आणलेला लाइट परत करायला धावणारे पालक पुष्कळ असतात.

जून २०२५ मध्ये आलेला स्विच २ मोठा आहे : ७.९ इंचांचा पडदा, कंट्रोलरसह ५३० ग्रॅमच्या पुढे वजन आणि बॅटरी दोन ते साडेसहा तास. ताकद वाढली तसं वजन वाढलं आणि बॅटरीचा खालचा आकडा घसरला. लहान मुलाच्या हातात मला अजूनही जुनाच बरा वाटतो.

हातातले पीसी. व्हॉल्वचा स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये आला आणि त्याने ही वाट रुळवली, पण तो भारतात अधिकृतपणे आणला गेला नाही. एसूसचा आरओजी अलाय मात्र जुलै २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांना इथे रीतसर आला. नंतर लेनोव्हो, एमएसआय यांचीही अशी यंत्रं आली. मोठा फायदा म्हणजे व्हॉल्वच्या स्टीम या ऑनलाइन दुकानात खेळांच्या किमती रुपयांत असतात आणि सेलमध्ये चांगल्यापैकी उतरतात. शिवाय आधी लॅपटॉपसाठी घेतलेले खेळ पुन्हा विकत घ्यावे लागत नाहीत.

पण ज्यांना सोय हवी आहे त्यांनी इथे थोडं थांबावं. आरओजी अलायसारखं विंडोजवर चालणारं यंत्र घेतलं तर सात इंचांच्या पडद्यावर अपडेट, पासवर्ड, ड्रायव्हर हे सगळं सोसावं लागतं. ज्यांना कॉम्प्युटरची खटपट आवडते त्यांना यात मजा आहे. बाकीच्यांच्या वीस मिनिटांतली दहा त्यातच जातात. स्टीम डेक या बाबतीत सुटसुटीत, पण तो लिनक्सवर चालतो आणि ‘व्हॅलोरंट’, ‘फोर्टनाइट’सारखे काही ऑनलाइन खेळ त्यावर चालत नाहीत. स्टीमवर प्रत्येक खेळापुढे तो डेकवर नीट चालतो की नाही याची खूण असते. ती बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

प्लेस्टेशन पोर्टल. याबद्दलचा गोंधळ सगळ्यात मोठा. ऑगस्ट २०२४ मध्ये तो १८,९९० रुपयांना भारतात आला आणि ‘स्वस्तातला हातातला प्लेस्टेशन’ म्हणून बऱ्याच जणांनी घेतला. तो कन्सोल नाही. घरातल्या प्लेस्टेशन ५ वर चाललेला खेळ वाय-फायवरून दाखवणारा तो पडदा आहे. घरात प्लेस्टेशन ५ नसेल तर त्याचा उपयोग नाही, गाडीत-एसटीत नाही, कमकुवत वाय-फायवर नाही. मात्र प्लेस्टेशन आधीच घरात आहे, वाय-फाय चांगलं आहे आणि भांडण फक्त टीव्हीवरून आहे, अशा घरात त्याने शांतता नांदते. ब्लूटूथ हेडफोन मात्र त्याला जोडले जात नाहीत.

मोबाइल आणि कंट्रोलर. गेमिंगची आवड टिकेल की नाही याची खात्री नसेल तर इथूनच सुरुवात करा. प्लेस्टेशन-एक्सबॉक्सचे ब्लूटूथ कंट्रोलर अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींना जोडले जातात. मोबाइल दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे कंट्रोलरही मिळतात. त्यात घेताना तुमचा फोन कव्हरसकट बसतो का, हे दुकानातच बसवून बघा. सहा महिने हे वापरून मग कन्सोलचा विचार केलात तर काही बिघडणार नाही.

बॅटरी आणि प्रवासाचं गणित

खोक्यावरच्या ‘आठ तासांपर्यंत’ या शब्दांतला ‘पर्यंत’ महत्त्वाचा. साधा हिशेब असा : बॅटरीचे वॅट-तास भागिले यंत्र ओढत असलेले वॅट. स्टीम डेकच्या पहिल्या आवृत्तीची बॅटरी ४० वॅट-तासांची. जड खेळात यंत्र एकूण २० वॅट ओढत असेल तर दोन तास, हलक्या खेळात ८ वॅट ओढत असेल तर पाच तास. जास्त ताकदीच्या सेटिंगवर तीच ४० वॅट-तासांची बॅटरी दीड तासातही संपते. पडद्याचा उजेड आणि चित्रांचा वेग कमी करून बघा, फरक पडतो.

पॉवरबँक घेताना :

- १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॅट-तास, आणि त्यातलाही काही भाग वाटेत वाया जातो. त्यात स्टीम डेक एकदासुद्धा पूर्ण भरणार नाही. २०,००० एमएएचचा घ्या.
- किती वॅटने चार्ज करतो ते बघा. स्टीम डेकचा चार्जर ४५ वॅटचा, आरओजी अलायचा ६५ वॅटचा. मोबाइलचा साधा पॉवरबँक जोडून जड खेळ खेळलात तर चार्जिंग चालू दिसतं आणि बॅटरी उतरतच जाते.
- विमानात पॉवरबँक हातातल्या सामानातच न्यावा लागतो, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. १०० वॅट-तासांपर्यंत अडचण नसते. ३०,००० एमएएचचा पॉवरबँक १११ वॅट-तासांचा होतो, तो अडवला जाऊ शकतो.

इंटरनेटशिवाय खेळ चालतो का, हेही घरीच तपासा. कोकण रेल्वेच्या मार्गावर ९२ बोगदे आहेत. तिथे ‘आधी लॉग-इन करा’ असा निरोप पडद्यावर आला की पुढचा प्रवास खिडकीबाहेर बघत काढायचा. (तोही वाईट नाही म्हणा.) निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक खेळ एकदा सुरू करा, अपडेट उतरवा, मग विमान मोड लावून पुन्हा सुरू होतो का बघा.

डाउनलोडचा बोजा तर लोक विचारातच घेत नाहीत. मोठ्या कन्सोलचे बरेच खेळ १०० जीबीच्या वर जातात. घरी ब्रॉडबँड नसेल आणि रोज दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर काम चालत असेल तर असा एक खेळ उतरायला दोन महिने लागतील. स्विचच्या मारिओ-झेल्डाचे खेळ बहुधा २० जीबीच्या आतले, आणि कार्ट्रिजवर घेतले तर तेवढंही उतरवावं लागत नाही. गावाकडे राहणाऱ्या वाचकांसाठी ताकदीच्या कुठल्याही आकड्यापेक्षा ही बाब मोठी आहे. स्विच २ साठी मात्र खोक्यावर नीट वाचा : काही खेळांच्या कार्डावर खेळ नसतोच, फक्त किल्ली असते आणि खेळ इंटरनेटवरून उतरवावा लागतो.

‘बाहेरून आलेला’ कन्सोल : खाचखळगे

स्विच भारतात अधिकृतपणे विकायला आलाच नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, ऑनलाइन बाजारात किंवा दुबईहून येणाऱ्या आतेभावाच्या बॅगेत जो मिळतो तो आयात केलेला. स्टीम डेकचंही तेच. तो घेऊ नये असं मी म्हणणार नाही. बरेच जण वर्षानुवर्षं सुखाने वापरतात. फक्त या गोष्टी माहीत असू द्या :

- कंपनीची वॉरंटी इथे चालत नाही. दुकानदार जी ‘एक वर्षाची वॉरंटी’ म्हणतो ती त्याची स्वतःची असते. ती बिलावर लिहून घ्या : काय बिघडलं तर दुरुस्ती, किती दिवसांत, येण्याजाण्याचा खर्च कुणाचा.
- स्विचच्या कंट्रोलरची काडी आपोआप सरकायला लागते, हा जगभर गाजलेला दोष आहे. दुरुस्तीचा खर्च बजेटमध्ये धरून ठेवा.
- जपानमधला स्वस्त स्विच २ दिसला तर हुरळून जाऊ नका. तिथल्या बाजारासाठीची स्वस्त आवृत्ती फक्त जपानी भाषेत चालते आणि तिला जपानचंच खातं लागतं. बहुभाषी आवृत्ती वेगळी आणि महाग.
- मेमरी कार्ड. स्विच २ वर खेळ साठवायला ‘मायक्रोएसडी एक्सप्रेस’ हा नवा प्रकारच लागतो. कपाटातलं जुनं कार्ड त्यासाठी चालणार नाही.
- ऑनलाइन दुकान. निन्टेन्डोचं भारतासाठी दुकान नाही, म्हणून लोक दुसऱ्या देशाचं खातं उघडतात आणि गिफ्ट कार्डाचे कोड विकत घेतात. ज्या देशाचं खातं त्याच देशाचा कोड लागतो, आणि वापरलेला कोड परत घेतला जात नाही.
- कस्टम्स. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला ‘एक घेऊन ये’ म्हणण्याआधी प्रवाशाच्या सामानाची करमुक्त मर्यादा त्या वेळी किती आहे ते कस्टम्सच्या संकेतस्थळावर बघा आणि खरेदीची पावती त्याच्याजवळ ठेवायला सांगा. खोकं फेकून सामानात लपवण्याचा सल्ला देणारे विमानतळावर आपल्या बाजूला उभे राहत नाहीत.

ताकद खरोखर कधी हवी?

घरात ५५ इंचांचा ४के टीव्ही आहे, तो तुमच्या ताब्यात असतो, शनिवारी-रविवारी सलग तीन-चार तास मिळतात आणि तुम्हाला मोठे, चित्रपटासारखे खेळ किंवा गाड्यांच्या शर्यती आवडतात, तर मोठाच कन्सोल घ्या. स्पर्धेत खेळणाऱ्यांनाही चित्रांचा वेग आणि स्थिर जोडणी लागते. तिथे हातातल्या यंत्रावर समाधान माना असं सांगणं खोटं ठरेल. हिशेब करताना मात्र दोन खेळ, दुसरा कंट्रोलर आणि ऑनलाइन खेळण्याची वर्षाची वर्गणी त्यात धरा.

घरात लहान मूल असेल तर आणखी एक. हातातला कन्सोल पांघरुणातही जातो. खेळण्याच्या वेळेची मर्यादा पालकांच्या मोबाइलवरून घालण्याची सोय निन्टेन्डो, सोनी, मायक्रोसॉफ्ट तिघेही देतात. ती पहिल्याच दिवशी, मुलाला सांगून लावा. आणि स्विचचं कार्ट्रिज बाळाने तोंडात घातलं तर ते लगेच थुंकेल : गिळलं जाऊ नये म्हणून त्याला मुद्दाम अतिशय कडू लेप दिलेला असतो.

तुमचे हक्क

- पक्कं बिल मागा. जीएसटीसह, कन्सोलचा सिरियल नंबर लिहिलेलं. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.
- ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी असली तरी सदोष मालाला ती लागू नाही. बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही त्याच कायद्यानुसार अनुचित प्रथा आहे. कन्सोल आयात केलेला असला तरी विकणाऱ्याची जबाबदारी संपत नाही.
- खोक्यावरचं लेबल वाचा. रीतसर आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असतो. व्हिडिओ गेमची यंत्रं भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात. ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो.
- ऑनलाइन खरेदीत संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. खोकं उघडतानाचा व्हिडिओ, पत्त्याच्या लेबलपासून सलग, काढून ठेवा.
- दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग : तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते.
- डिजिटल खेळ परत करायचा असेल तर स्टीमवर खरेदीपासून १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असला पाहिजे. प्लेस्टेशनवर १४ दिवस, पण डाउनलोड सुरू केलेलं नसावं.

जुना घेत असाल तर

सोयीसाठी घेत असाल तर जुना स्विच हा वाईट सौदा नाही, पण ओळखीतल्या किंवा अनोळखी माणसाकडून घेतलेल्या वस्तूवर वरचे ग्राहकहक्क फारसे उपयोगी पडत नाहीत, म्हणून तपासणी तुमचीच. विकणाऱ्याच्या घरी किंवा कॅफेत, वाय-फाय असेल अशा जागी भेटा. अर्धा तास तरी खेळून बघा आणि त्या वेळात बॅटरी किती टक्के उतरली ते लिहून ठेवा. दोन्ही काड्या सोडून द्या आणि पडद्यावरचं पात्र आपोआप चालतं का बघा. पाठीमागचं कव्हर फुगलेलं असेल तर बॅटरी फुगलेली आहे. किंमत कितीही कमी केली तरी घेऊ नका. चार्जर लावून वायर हलवा, चार्जिंग तुटता कामा नये. स्विच असेल तर टीव्हीला जोडूनही बघा. शेवटी ऑनलाइन दुकान उघडा : चोरीचे खेळ चालवल्यामुळे कंपनीने ऑनलाइन सेवेतून बाद केलेली यंत्रं बाजारात फिरत असतात, आणि ती इथेच ओळखू येतात. आधीच्या मालकाचं खातं तुमच्यासमोर काढून टाकायला लावा, मग पैसे द्या. यूपीआयने, म्हणजे नोंद राहील.